आमच्या घरची चकली
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधी वेगळाच विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या’. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार! पण मधे कुणीतरी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मुलीचा फोटो टाकला. तिच्या हातावर साप होता. त्या दिवशी ग्रुपवर जेवढे मेसेज आले तेवढे दिवाळीलाही येत नाहीत. अर्ध्यांनी हात जोडले, अर्ध्यांनी ‘चावत नाही का गं?’ विचारलं. आणि एका मैत्रिणीनं वेगळा मेसेज केला. तिचा मुलगा तसाच साप मागतो आहे, पुण्यात मिळतो म्हणे, घेऊन देऊ का? तिला दोन ओळींत उत्तर देता येईना. म्हणून संयोजकांना म्हटलं, नोकऱ्यांचं जे व्हायचं ते होईल, मी सापावर बोलते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडचा कुठलाही साप पाळता येत नाही. नाग, धामण, अजगर, दिवड, कुठलाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना पकडणं, घरात ठेवणं, विकणं गुन्हा आहे. मांडुळाच्या नावानं चालणारे कोट्यवधींचे व्यवहार आणि मग पडणाऱ्या धाडी आपण पेपरात वाचतोच. मांडूळ बिचारं मातीत राहून उंदीर खातं. त्याला दोन तोंडं नाहीत आणि त्याच्यामुळे कुणाच्या घरी पैशाचा पाऊसही पडलेला नाही.

माझ्याकडे आहे तो बॉल पायथन. मी टेक्सासमध्ये राहते, तिथं तो कायद्यानं पाळता येतो. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या भागातला. शास्त्रीय नावात आपल्या अजगराचाच ‘पायथन’ असल्यामुळे नात्यानं चुलतभाऊ, पण आकारानं फार लहान. मोठी मादी चारपाच फूट, वजन दीडदोन किलो. विष नाही. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून ‘बॉल’. आमची मादी आहे. ती आली तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी लांबून नमस्कार केला, दुसऱ्या दिवशी काचेजवळ जाऊन वेटोळं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगदी चकलीसारखी बसलीय.’ तेच नाव पडलं.

तुम्हाला शाळेबाहेर येणारा गारुडी आठवत असेल. नागपंचमीच्या आठवड्यात टोपली घेऊन यायचा आणि आपण घरून वाटीत दूध आणायचो. जीवशास्त्राच्या बाईंनीच आपल्याला सांगितलं होतं की साप दूध पीत नाही. आठवडेच्या आठवडे तहानलेला ठेवला की समोर येईल ते पितो, आणि ते दूध त्याला बाधतं. दात उपटलेले, तोंड शिवलेलं, वर पुंगीवर डोलतो म्हणून टाळ्या. साप तर हवेतून येणाऱ्या पुंगीच्या सुरावर नाही, गारुड्याच्या हलणाऱ्या हातावर नजर ठेवून असतो. आठवीच्या सहलीत आपण कात्रजच्या सर्पोद्यानात गेलो, तेव्हा टोपलीत नसलेला साप मी पहिल्यांदा नीट पाहिला. ते उद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ सापांबरोबर ७२ तास काढले होते, हे आपल्या सरांनी बसमध्ये सांगितलं आणि परत येईपर्यंत बसमध्ये दुसरा विषय निघाला नाही.

ही टोपली मी मुद्दाम आठवते आहे, कारण अमेरिकेत साप पाळायचं ठरवलं तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली. साप ओरडत नाही. कुत्रं उपाशी असलं तर कळतं, मांजर रागावलं तर कळतं. सापाचा चेहरा जन्मापासून मरेपर्यंत एकच असतो. त्याला काय होतंय हे मोजावं लागतं. आणि मोजणं हा माझा धंदाच आहे.

म्हणून साप आणण्याआधी महिनाभर आमच्याकडे रिकामी पेटी होती. चार फूट लांब, दोन फूट रुंद, पुढे काच. एका टोकाला ऊब ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५-२६. सापाला स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही, तो या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन ते राखतो. तेव्हा पेटीत दोन हवामानं लागतात आणि दोन्हीकडे लपायला ढोली लागते. एकच ढोली ठेवली तर सापाला ऊब की सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा सुरक्षितता निवडतो. दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास, नाहीतर कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळ्यावरची जुनी चकती तशीच राहते, छातीचे आजार होतात. गरम होणाऱ्या प्रत्येक वस्तूला थर्मोस्टॅट हवाच. साप तापलेल्या गादीवर पोट भाजेपर्यंत बसून राहतो, उठत नाही. मी तापमापकाला एक छोटा प्रोग्रॅम जोडला आहे. पारा इकडेतिकडे झाला की मला ऑफिसात फोनवर सूचना येते. माझ्या टीममधले म्हणतात, आपल्या सर्व्हरपेक्षा हिच्या सापाकडे जास्त लक्ष आहे. खरं आहे. सर्व्हर पुन्हा चालू करता येतो.

खाणं दोन आठवड्यांतून एकदा. गोठवलेला उंदीर विकत मिळतो, तो आदल्या रात्री बाहेर काढून कोमट करून द्यायचा. जिवंत उंदीर देणाऱ्यांना वाटतं आपण निसर्गाच्या जवळ गेलो. बंद पेटीत घाबरलेला उंदीर सापाला कुरतडतो, हाडापर्यंत जखमा होतात. आणि हा साप उपास करण्यात पटाईत. थंडीत दोनतीन महिने तोंड फिरवून बसणं त्याला नवीन नाही. सासूबाई त्याला ‘चकलीचा चातुर्मास’ म्हणतात. अशा वेळी घाबरायचं की नाही हे स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो. दर पंधरवड्याला वजन करायचं, वहीत लिहायचं. वजन टिकून असेल तर उपास, उतरत असेल तर आजार. माझी मुलगी बारा वर्षांची असल्यापासून ही वही लिहिते आहे. आता सतरा पूर्ण आहे.

आणखी एक विचारतात, तिला तुमचा लळा लागला असेल ना? नाही. माझा हात उबदार आहे आणि त्या हातानं तिला आजवर इजा केलेली नाही, एवढंच आमचं नातं. खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकायच्या सुमारास तिचे डोळे निळसर धुरकट झालेले असताना आम्ही तिला उचलत नाही. उचलून झाल्यावर साबणानं हात धुतो, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. गळ्यात घालून फोटो काढत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. या सापांची पैदास.

चकलीचा रंग जंगलातल्या सापासारखाच आहे, गडद तपकिरीवर मातकट सोनेरी ठिपके. पण बाजारात असे साप सर्वात स्वस्त. १९९२ मध्ये अमेरिकेत बंदिवासात पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची पैदास झाली, पांढऱ्यावर हळदी रंगाचे पट्टे असलेल्या सापाची. त्यानंतर रंगांची चढाओढच लागली. अर्धा पांढरा अर्धा चित्रविचित्र ‘पाइबाल्ड’, केळ्याच्या रंगाचा ‘बनाना’, असे आज हजारो प्रकार आहेत. प्रदर्शनात छोट्या डब्यांत पिल्लं मांडलेली असतात आणि वर जनुकांची नावं चिकटवलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला साडीच्या दुकानातलं शेड कार्ड आठवलं.

यातला एक प्रकार ‘स्पायडर’. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, मधे सोनेरी अंग. दिसायला फार देखणा. १९९९ मध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून याची पैदास सुरू झाली. एकाच जनुकाचा खेळ. आईबापांपैकी एकाकडून आला तरी नक्षी उमटते, त्यामुळे पैदास सोपी आणि भराभर पैसा. पण याच जनुकाबरोबर आणखी एक गोष्ट येते. सापाचं डोकं डगमगतं. काहींचं जरासंच, शांत असताना कळतही नाही. काहींचं इतकं की डोकं उलटं वळतं, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, उलटं पाडलं तर सरळ होता येत नाही.

प्रदर्शनातल्या एका विक्रेत्याला मी याबद्दल विचारलं. तो हसून म्हणाला, त्यांचा स्वभावच तसा आहे, ती त्यांची गंमत आहे. माझ्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की करणारा म्हणतो, ही चूक नाही, सोय आहे. फरक इतकाच की प्रोग्रॅमला चक्कर येत नाही.

२०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी स्पायडर सापांच्या कानाचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले. सापाला बाहेरून कान दिसत नसला तरी आतला कान असतो आणि तोल सांभाळण्याचं काम तोच करतो, आपल्यासारखंच. या सापांत तो कानच बिघडलेला निघाला. तोल सांभाळणारी एक पिशवी आकसलेली, अर्धवर्तुळाकार नलिका विद्रूप. रंगाच्या पेशी आणि कानाचे काही भाग गर्भात एकमेकांच्या जवळच्या पेशींतून घडतात, त्यामुळे नक्षी ठेवून डगमग तेवढी काढून टाकता येईल, ही आशा व्यर्थ दिसते. इतकी वर्षं वेगवेगळ्या सापांशी जोड्या लावूनही ते कुणाला जमलेलं नाही. ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडरची विक्री बंद केली. अमेरिकेत मात्र तो आजही विकला जातो.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरात आला. एका पैदास करणाऱ्यानं प्रस्ताव दिला, तुमची मादी माझ्याकडे काही महिने ठेवा, माझा नर तिच्याशी जोडू, पिल्लं निम्मी निम्मी. त्याचा नर स्पायडर होता. साधी मादी आणि स्पायडर नर म्हणजे सरासरीनं निम्मी पिल्लं स्पायडर. माझ्या मुलीनं तक्ता करून ठेवला होता. इतकी अंडी, इतकी पिल्लं, इतके डॉलर, कॉलेजच्या फीमध्ये एवढी भर. तक्ता बरोबर होता, आकडेमोडीत एकही चूक नव्हती. मी म्हटलं, आणखी काही रकाने घालू या.

मादी एका वेळी सहाएक अंडी घालते. त्याआधी आणि नंतर ती कित्येक महिने खात नाही, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, वजन बरंच उतरतं. दोनेक महिन्यांनी पिल्लं येतात. एक बॉल पायथन नीट ठेवला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० मध्ये, बासष्टच्या आसपास वयात, सात अंडी घातली, आणि तीही कित्येक वर्षं नराशी गाठ पडलेली नसताना. आपण पंचवीसच धरू. सहा पिल्लं, म्हणजे एका वीणीमागे दीडशे वर्षांची जबाबदारी. प्रत्येकाला वर्षाला सव्वीस उंदीर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकोणचाळीसशे. सहा पेट्या, सहा थर्मोस्टॅट, आणि सरपटणाऱ्यांचा डॉक्टर सहज मिळत नाही. मुलगी म्हणाली, पण पिल्लं आपण विकणार आहोत ना? मी म्हटलं, हो, म्हणजे हा रकाना दुसऱ्याच्या तक्त्यात जाईल. पुसला जाणार नाही.

मग तिनंच विचारलं, समजा स्पायडर नाही, दुसरा निरोगी रंग घेतला तर? प्रश्न रास्त होता. पाइबाल्डचं उदाहरण घेऊ. तो जनुक दोन्हीकडून यावा लागतो. दोन्ही आईबाप साधे दिसणारे पण तो जनुक लपवून असलेले असतील तर चारात एक पिल्लू पाइबाल्ड. सहा अंड्यांत एकही पाइबाल्ड न निघण्याची शक्यता शंभरात अठरा. निघालं तरी एक नाहीतर दोन. बाकीची चारपाच साधी. लोक त्या एकासाठी अंडी उबवतात, आणि उरलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न अंडी फुटल्यावर सुचतो. ती स्वस्तात जातात. स्वस्तात मिळालेला साप विचार न करता घेतला जातो. दोन वर्षांनी कंटाळा येतो, घर बदलतं, लग्न ठरतं, आणि साप आसरा देणाऱ्या संस्थेत पोचतो. जोड्या जुळवायच्या म्हणून भावंडांना एकत्र आणणंही चालतं.

तिनं सगळे रकाने भरले आणि दोन दिवसांनी स्वतःच त्या माणसाला नकार कळवला. कॉलेजसाठी ती आता एका पशुवैद्याच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी पिंजरे धुते.

सगळी पैदास वाईट असं माझं म्हणणं नाही. चकलीही कुणीतरी पैदास केलेलीच आहे, आणि ते मला हवं होतं. दुसरा रस्ता आफ्रिकेतून जातो. तिथं अंड्यावर आलेल्या माद्या बिळांतून उकरून काढतात, अंडी उबवून पिल्लं जहाजी मालासारखी परदेशी पाठवतात. आजवर असे लाखो साप गेले आहेत. त्याच बेनिनमध्ये विदा नावाच्या गावी या सापांचं देऊळ आहे, त्यांना मारणं तिथं पाप समजतात. पूजा आणि पेटारा एकाच गावात नांदतात, हे आपल्याला नवीन नाही. तेव्हा घेणाऱ्यानं पैदास केलेलाच साप घ्यावा, पण करणारा पाहून. आम्ही ज्या बाईंकडून घेतला त्यांनी आम्हाला आईबाप दाखवले, अंडं फुटल्याची तारीख आणि पिल्लानं खाल्लेल्या प्रत्येक जेवणाची नोंद दिली. त्याआधी पेटीचे फोटो मागवून घेतले. महिनाभराचे तापमानाचे आकडे पाहिले. आणि लिहून दिलं की कधीही जमेनासं झालं तर साप मला परत करा, इतर कुणाला देऊ नका. स्थळाचीही आपल्याकडे इतकी चौकशी होत नाही. विकणारा तुम्हाला एकही प्रश्न विचारत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये.

नको झालेला साप सोडून दिला तर काय होतं, ते फ्लोरिडात दिसतं. तिथं बर्मी अजगर पाळायची हौस होती, हे अजगर पंधरा-सोळा फुटांपर्यंत वाढतात. काहींनी सोडून दिले, १९९२ च्या अँड्र्यू वादळात पैदासकेंद्रही उद्ध्वस्त झालं. आज एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ते मुक्कामाला आहेत. २०१२ च्या एका अभ्यासात तिथं रकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. दोष अजगराचा नव्हता, तो फक्त भुकेला होता.

आता माझ्या मैत्रिणीला उत्तर. ती इथं तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेत नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी आपल्याकडे मोकळा नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. घेतल्याची, पिल्लं झाल्याची, दुसऱ्याला दिल्याची, सगळीच. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मोज्यांत, डब्यांत कोंबलेले असे साप मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडचा साप त्यातला असू शकतो. वर तुझ्या मुलाची दहावी पुढच्या वर्षी, मग कुठलं कॉलेज, कुठलं वसतिगृह. साप तुझ्या पदरात येणार आहे. तेव्हा आत्ता नको, असं माझं मत. त्याला कात्रजला ने. गावातल्या जाणत्या सर्पमित्राबरोबर, लांबून, साप कसा सोडतात ते पाहू दे. मात्र रील काढण्यासाठी नागाला हातावर नाचवणारे जे असतात, त्यांच्या आसपासही फिरकू देऊ नको.

आमच्याकडे तरी काय वेगळं आहे! मुलगी या वर्षी कॉलेजला जाते आहे, वसतिगृहात साप चालत नाही. वही माझ्याकडे आली. चकली तीस वर्षं जगली तर मी तेव्हा बहात्तरची असेन. म्हणून मी मृत्युपत्रात तिची सोय लिहून ठेवली आहे. सांभाळायला माझी एक चुलतबहीण लेखी कबूल झाली आहे. वकिलांनी दोनदा विचारलं, चकली म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न असतील तर मी इथंच आहे. गोठवलेल्या उंदरांविषयीचे तेवढे जेवण झाल्यावर विचारा.